मामाची जपानी दुर्बीण: माउंटचा अक्ष जाम झालाय, आणि तो 25 अंशांच्या खाली उतरत नाही

कोरगावचा भाचा

नमस्कार मंडळी. प्रश्न दोनच आहेत, पण थोडं मागचं सांगितल्याशिवाय ते कळायचे नाहीत.

माझा मामा तारवटी होता. बोटीवर नोकरी करणाऱ्याला आमच्या पेडण्यात तारवटीच म्हणतात. 1968 साली त्याची बोट कोबेला लागली, तिथून त्याने ही दुर्बीण आणली. 60 मिलिमीटरचं भिंग, 900 मिलिमीटर नाभीय अंतर, पांढरी लांबलचक नळी, लाकडी तिपाई आणि मधे इक्वेटोरियल माउंट, म्हणजे दुर्बीण पेलणारा आणि नॉब फिरवला की तिला ताऱ्याच्या मागोमाग वळवणारा सांगाडा. 1980 च्या 16 फेब्रुवारीला कारवार-अंकोल्याकडे खग्रास ग्रहण झालं. त्या दिवशी मामाने कोरगावच्या खळ्यात याच दुर्बिणीने सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडून सगळ्या वाड्याला दाखवलं. मी सहा वर्षांचा होतो. पुठ्ठ्यावरची ती बारीक होत जाणारी कोर मला अजून दिसते.

मामा 2009 मध्ये गेला. तेव्हापासून पेटी माळ्यावर पडून होती. यंदा चवथीला गेलो तेव्हा मामीने ती खाली काढायला लावली आणि म्हणाली, "व्हर तूं, तुकाच ताची आवड."

भिंगावर बुरशीचे दोन-तीन ठिपके आहेत, पण ते मी बघून घेईन. काळजी आहे ती माउंटची. पंधरा पावसाळे आणि समुद्राची खारी हवा खाऊन त्याचा आरए अक्ष, म्हणजे ध्रुवाकडे रोखायचा तो, केसभरही हलत नाही. दुसरा अक्ष फिरतो, पण कण्हत कण्हत. वजनाचा गोळा दांड्यावर गंजून बसलाय. म्हापशातल्या एका वर्कशॉपात नेऊन दाखवलं. तिथे पान्याने पिळून नॉबची कड उडवली आणि वर सांगितलं, आता शोकेसमध्ये ठेवा, छान दिसेल. मी ते तसंच उचलून घरी आणलं. मला ते शोकेसमध्ये नको आहे. मामा एका हाताने नॉब फिरवायचा, दुसऱ्या हाताने आम्हा पोरांना एकेक करून पुढे ओढायचा, आणि शेवटच्या पोराचा नंबर येईपर्यंत गुरू तिथेच असायचा. मला ते परत हवंय.

तर पहिला प्रश्न: हा अक्ष मोडतोड न करता कसा सोडवू?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. माउंट कललेलं ठेवायला बाजूला एक कमानीसारखी खाच आहे, तिच्यावर अंश कोरलेत. ती खाच 25 वर संपते. अक्ष ध्रुवाकडे रोखायचा तर तो गावाच्या अक्षांशाएवढाच कलता लागतो, आणि कोरगाव साधारण 15.7 अंशांवर आहे. मग मामा हे माउंट इथे वापरायचा तरी कसा? नऊ अंश चुकीच्या दिशेला रोखलेल्या अक्षावर गुरू एवढा वेळ टिकला नसता. माउंटचा तळ चौकोनी आहे, बाजू बरोबर 12 सेंटिमीटर.

मी म्हापशाला औषधांच्या दुकानात आहे. हत्यारं जेमतेम आहेत, पण घाई नाही.

वास्कोचा फिटर

भाच्या, पहिलं म्हणजे पाना खाली ठेव. मी 37 वर्षं बार्जींच्या दुरुस्तीत काढली, झुआरीच्या खाऱ्या पाण्यातून वर आलेले शाफ्ट सोडवलेत. अशा जाम शाफ्टला आठ-दहा दिवस द्यावे लागतात. तेवढे दिलेस तर तो सुटतो.

आधी ग्रब स्क्रू शोध. अक्षाला अडकवून ठेवणारा छोटा, डोकं नसलेला स्क्रू असतो आणि बहुतेक वेळा तो रंगाखाली दडलेला असतो. बोटाने चाचपून बघ, खळगा लागेल. एक काढलास आणि तरी अक्ष हलला नाही, तर त्याच भोकात टॉर्च मारून बघ. एकावर एक असे दोन असतात, वरचा खालच्याला दाबून धरायला. लोक वरचा काढून थांबतात आणि मग हातोडी घेतात. तिथेच वस्तू फुटते.

तेलासाठी ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं घे. दोन्ही एकजीव होत नाहीत, म्हणून दर वेळी हलवून लगेच सोड. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब, अक्ष जिथे आत शिरतो त्या फटीत. रंगाला लागू देऊ नकोस, ॲसिटोन रंग खातं. आणि आसपास विस्तव नको, देवाची समईसुद्धा नको.

पाच-सहा दिवसांनी उष्णता दे, पण गॅसची ज्योत अजिबात लावायची नाही. त्या काळच्या माउंटचं बरंच ओतकाम जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, ते 385 अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. उकळत्या पाण्यात बुडवलेलं फडकं बाहेरच्या भागाला गुंडाळ. ॲल्युमिनियम असो की जस्त, ते आतल्या लोखंडी दांड्याच्या दुपटीच्या आसपास फुगतं, म्हणून बाहेरचं तोंड किंचित उघडतं. त्या क्षणी हाताने फिरवायचं. पान्याने नाही, हाताने. जरा जरी हललं तरी पुढे ढकलू नकोस. मागे-पुढे, मागे-पुढे, आणि पुन्हा तेल.

रात्रपाळी, पुणे

फिटरकाकांनी सांगितलंय ते तसंच करा. मी दोन-तीन गोष्टींची भर घालते.

स्क्रूंची डोकी जपा. जपानी वस्तूंवरची फुली आपल्याकडच्या नेहमीच्या फिलिप्ससारखी दिसते, पण नसते. आपला स्क्रूड्रायव्हर तिच्यात पुरता बसत नाही, जोर लावला की उसळतो आणि फुलीचे कोपरे खातो. जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर वेगळा मिळतो, तो मागवा. आणि एखादा स्क्रू हरवला तर बाजारातला नवा एम-4, म्हणजे 4 मिलिमीटरचा स्क्रू, जबरदस्तीने पिळू नका. जुन्या जपानी एम-4 च्या दोन आट्यांमधलं अंतर 0.75 मिलिमीटर असायचं, आताच्याचं 0.7 असतं. पहिले दोन फेरे गोडीत जातो, तिसऱ्याला आटे कापतो.

पेटीत आयपीसवर, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगावर, बसवायची गडद काळी किंवा हिरवी काच सापडली आणि तिच्यावर 'सन' लिहिलेलं असलं तर ती आजच फोडून टाका. भिंगाने गोळा केलेली सगळी उष्णता त्या काचेवर येते, ती अचानक तडकते आणि डोळा जातो. तुमच्या मामांनी सूर्य पुठ्ठ्यावर पाडून दाखवला. त्या वाड्यातल्या पोरांचे डोळे त्या एका शहाणपणाने वाचले, असं मी मनापासून म्हणते.

आता 25 अंशांचं. या रचनेला जर्मन इक्वेटोरियल म्हणतात. फ्राउनहोफरने 1824 मध्ये डोर्पाटच्या वेधशाळेला दिलेल्या दुर्बिणीची मांडणी हीच होती. डोर्पाट 58 अंशांवर आहे, तिथे अक्ष बराच उभा राहतो. तुमचं माउंट ज्या गावात विकलं गेलं ते कोबे 34.7 वर. तिथल्या माणसाला 25 च्या खाली जायची गरज कशाला पडेल? आपण मात्र विषुववृत्ताच्या जवळ, आपला ध्रुव क्षितिजापासून फार वर नाही. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची असते. कोरगावात ध्रुवतारा क्षितिजापासून दीड मुठीवर, म्हणजे बहुतेक माडांच्या आड.

यावर उपाय पाचरीचा. 25 मधून 15.7 गेले, उरले 9.3 अंश. 12 सेंटिमीटर तळाला 9.3 अंशांचा उतार द्यायचा म्हणजे एक बाजू दुसरीपेक्षा जेमतेम 2 सेंटिमीटर जाड. अशी लाकडी पाचर तिपाईचं डोकं आणि माउंट यांच्यामध्ये घाला, जाड बाजू दक्षिणेला. सगळं माउंट उत्तरेकडे झुकेल आणि अक्ष खाली येईल. मग तिपाईचा एक पाय दक्षिणेला आणि दोन उत्तरेला ठेवा, नाहीतर वजनाचा दांडा खाली झुलताना उत्तरेच्या पायावर आपटेल. तुमच्या मामांनी असंच काहीतरी केलेलं असणार. पेटीत नीट शोधा.

साखळीकर

माझ्याकडे अशीच एक जुनी आहे. मी तर सगळं मोकळं करून पावडर कोटिंग करून घेतलं, नव्यासारखं झालं. पितळी चाक सोलांच्या पाण्यात रात्रभर ठेवलं, घरची समई घासतो तसं. आणि वर्म गिअर, म्हणजे नॉबने फिरणारा आट्यांचा दांडा (वर्म) आणि त्यात अडकणारं दातांचं चाक, अडखळत होता म्हणून दातांना पॉलिश लावून तासभर फिरवत बसलो. आता लोण्यासारखा फिरतो.

वास्कोचा फिटर

साखळीकर, तुमचं चाललंय तर चालू दे, पण भाच्याने हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पॉलिशमधली कुरुंदाची पूड पितळेत रुतून बसते. पितळ मऊ, म्हणून ती तिथेच राहते आणि समोरच्या लोखंडी वर्मला रोज थोडं थोडं खाते. आज लोण्यासारखा वाटतो, दोन वर्षांनी ढिला पडेल. सोलं आणि चिंच समईला ठीक. गिअरच्या दातांवर आंबट काही नको. पितळेवरचा काळपट रंग राहू दे, त्याने काही बिघडत नाही. दात पेट्रोलने धुवायचे, लाकडी काडीने कोरायचे आणि नवं ग्रीस लावायचं, संपलं.

ग्रीस मालीमच्या जेटीकडे मिळेल, ट्रॉलरवाले वापरतात ते खाऱ्या पाण्याचं. थोडं लाव. थापलंस तर धूळ धरतं.

रात्रपाळी, पुणे

रंगाबद्दल मीही काकांच्या बाजूने. मूळ रंग एकदा खरवडला की परत येत नाही. पावडर कोटिंग भट्टीत भाजतात, त्याचा थर जाड बसतो आणि जिथे दोन भाग एकमेकांत सरकतात तिथे अडतो. साखळीकर, तुम्ही ते भाग झाकून घेतले असतील, पण सगळे घेत नाहीत.

कोरगावचा भाचा

सगळ्यांचे आभार. उशीर झाला कारण काकांनी सांगितलेले आठ दिवस खरंच दिले. नऊ झाले.

दुकानातल्या एक मिलिलिटरच्या इन्सुलिनच्या सिरिंजने तेल सोडलं. सुई फटीत बरोबर शिरते आणि थेंब हवा तेवढाच पडतो. ग्रब स्क्रू काकांनी सांगितला तसाच निघाला, रंगाखाली, आणि त्याच्या खाली दुसरा. तो दुसरा काढला तेव्हा मी उठून आत जाऊन बायकोला दाखवला, इतका आनंद झाला होता.

नवव्या दिवशी रात्री गरम फडकं तिसऱ्यांदा गुंडाळलं, दोन्ही हातांनी धरून फिरवलं, आणि आतून 'कट्' असा एक बारीक आवाज आला. मला वाटलं मोडलं. पण अक्ष फिरला होता, बोटभर. मग मागे-पुढे करत अर्ध्या तासात बाहेर आला.

आतलं ग्रीस म्हणजे वाळलेला फणसाचा चीक. तपकिरी, चिवट, नखाने निघेना. पेट्रोलमध्ये भिजवून बांबूच्या काड्यांनी एकेक दात कोरला. कोरताना मोजले, 144. दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा 143 आले होते.

आणि एक सापडलं. वर्म ज्या छोट्या कंसात बसतो त्याच्याखाली पत्र्याची एक बारीक पट्टी होती, कात्रीने कापलेली, कडा कानसेने घासलेल्या. उलटी करून बघितली तर मागे निळ्या रंगात माशाची अर्धी शेपटी. सार्डिनच्या डब्याचा पत्रा आहे तो. कारखान्यात असं कोणी घालत नाही, हे मामाचंच काम. बोटीवर किंवा घरी, कधीतरी त्याला वर्म आणि चाकात सैलपणा जाणवला असणार आणि हाताशी होता तो पत्रा त्याने घातला. मी ती पट्टी धुऊन, पुसून होती तिथेच परत ठेवली. काका, ठेवू ना?

वास्कोचा फिटर

ठेव. माणसाला काम कळत होतं. फक्त पत्र्याची कथिलाची कल्हई कुठे उडाली असेल तर ग्रीसचा हात फिरव, गंज धरायला नको. आता वर्म घट्ट किती बसवायचा ते सांगतो. चाक पूर्ण एक फेरा फिरवून बघ. जिथे सगळ्यात जड लागतं त्या जागी थांब, आणि तिथे अगदी मोकळं चालेल एवढंच बसव. बाकी ठिकाणी किंचित प्ले, म्हणजे सैलपणा, राहील, राहू दे. सगळीकडे प्ले शून्य करायला जाशील तर एका जागी अडकेल.

रात्रपाळी, पुणे

144 दात म्हणजे छान हिशेब आहे. नॉबच्या एका फेऱ्यात चाक एक दात सरकतं. पृथ्वी ताऱ्यांच्या हिशेबाने 23 तास 56 मिनिटांत एक फेरा घेते. त्याला 144 ने भागलं की नॉबचा एक फेरा जवळजवळ बरोबर दहा मिनिटांचा होतो. मिनिटाला नॉब एक दशांश फेरा. हाताला हा वेग दोन रात्रींत कळतो, मोटर लागत नाही.

उत्तर दिशा आधी दिवसा काढून ठेवा, ध्रुवताऱ्याची वाट बघू नका. खळ्यात ओळंबा टांगा आणि सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो त्या मिनिटाला दोरीची सावली खडूने आखा. तुमच्याकडे तो क्षण घड्याळात 12 ला येत नाही. आपली प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची आणि तुम्ही 73.8 वर, म्हणून सरासरी 12:35. नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:18, फेब्रुवारीच्या मध्याला 12:49. आता डिसेंबरच्या मध्यात 12:30 धरा.

रात्री खात्री करायला मृगातला बाण घ्या. त्या तीन ताऱ्यांतला पश्चिमेकडचा जवळजवळ आकाशातल्या विषुववृत्तावरच आहे. तो मध्यमंडलावर, म्हणजे माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, आला की आयपीसमध्ये धरून फक्त आरएचा नॉब फिरवत राहा. तारा दक्षिणेला सरकत गेला तर तुमचा अक्ष पूर्वेला जास्त वळलाय, उत्तरेला सरकला तर पश्चिमेला. उंचीसाठी हेच पूर्वेला खाली असलेल्या ताऱ्यावर: दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेला तर वर.

पाचर मिळाली का?

कोरगावचा भाचा

मिळाली. कशी ते सांगतो.

पेटी तीनदा उलटी केली, काही नव्हतं. शेवटी सुताराकडून करून घ्यायचं ठरवलं. रविवारी कोरगावला गेलो, सोप्यावर बसून कागदावर पाचरीचं चित्र काढलं, 12 सेंटिमीटर, एका बाजूला जाड, मधे बोल्टला भोक. मामी चहा घेऊन आली, कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, हें सोप्याच्या दाराक लायतात तें लाकूड न्हय?"

दाराखाली बघितलं. फणसाचं लाकूड, हळदीसारखं पिवळं होतं ते आता तपकिरी झालेलं. वारा सुटला की दार आपटू नये म्हणून आम्ही सगळे लहानपणापासून ते पायाने सरकवत आलोय. मधे आरपार भोक आहे. दाराच्या पाचरीला भोक कशाला, असं इतक्या वर्षांत कोणाच्याही मनात आलं नाही. पट्टी लावली: एका टोकाला 1 सेंटिमीटर, दुसऱ्या टोकाला 3. धुऊन, वाळवून तिपाईवर ठेवलं आणि बोल्ट वरून सोडला, तो सरळ खाली गेला.

सोमवारी 12:30 ला खळ्यात खडूने रेषा मारली. खळ्याच्या दगडांत त्या रेषेच्या अगदी जवळ तीन उथळ खळगे आहेत, तिपाईच्या टोकांएवढे. दक्षिणेला एक, उत्तरेला दोन. मी त्यांत पाय ठेवले.

रात्री ईशान्येला मोपाच्या विमानतळाचा उजेड होता, पण पूर्वेला गुरू चांगला वर आला होता. 12.5 चा आयपीस लावला, म्हणजे 72 पट. हात न लावता ठेवला तर गुरू दोन मिनिटांत बाहेर जातो, ते आधी एकदा तपासलं. मग नॉब धरला. कड उडालेली जागा अंगठ्याखाली येते, तिची सवय होतेय. मामीला पुढे बसवलं. तिने चारही चंद्र मोजले, मग शेजारच्या दोघी आल्या, मग त्यांची नातवंडं. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. कोणासाठीही मला दुर्बीण पुन्हा लावावी लागली नाही.

बाणावरची चाचणी अजून करायची आहे. उंचीत थोडी चूक असावी, गुरू हळूहळू वर चढत होता.

एक राहिलं. ही पाचर परत दाराला लावणार नाही, दारासाठी वीट ठेवली आहे. लाकडाला एका कडेला वाळवीने दोन भोकं पाडलीत. काजूच्या टरफलांचं तेल लावू का? घरी बाटलीभर आहे.

वास्कोचा फिटर

लाव, पण हातमोजे घालून, ते कातडी भाजतं. लावल्यावर आठवडाभर उन्हात ठेव, नाहीतर चिकट राहील. आणि बोल्टच्या भोकात आतून लावू नकोस. फुगलं तर बोल्ट अडकेल.